कपड्यांतलं पाणी जातं कुठे?

ड्रायरमध्ये टाकण्याआधी ओले कपडे काट्यावर ठेवून वजन करायची सवय मला लागली आहे. वाळून बाहेर आले की पुन्हा वजन करते. दोन आकड्यांतला फरक म्हणजे कपड्यांतून निघालेलं पाणी. माझं यंत्र कपड्यांतली वाफ थंड करून तिचं पाणी एका टाकीत साठवतं, त्या टाकीत किती पाणी साचलं ते मग मोजते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा असतो. पण तो कधीच जुळत नाही. टाकीत नेहमी कमी भरतं. ते कमी पडलेलं पाणी शोधणं हा माझ्या मते घरात ड्रायर वापरण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण ते नाहीसं झालेलं नसतं. ते घरातच कुठेतरी असतं.

एक उदाहरण घेऊ. पाच किलो सुती कपडे आहेत. वॉशिंग मशीनने मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगाने पिळले तर कोरड्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी त्यांत उरतं, म्हणजे तीन लिटर. समजा त्यातलं अडीच लिटर टाकीत आलं. अर्ध्या लिटरचा पत्ता नाही.

अर्धा लिटर ऐकायला किरकोळ वाटतं. आता खोलीकडे बघा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, पावणेतीन मीटर उंच, म्हणजे ३३ घनमीटर हवा. २५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. अख्ख्या खोलीत पाऊण लिटरच्या आसपास. त्यातली निम्मी जागा आधीच भरलेली असेल, म्हणजे सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर आणखी जेमतेम ३८० ग्रॅम मावणार. आपण तिथे ५०० ग्रॅम सोडलेत. खोली गच्च बंद असती तर हवेला ते पेललंच नसतं.

प्रत्यक्षात भिंती घाम सुटल्यासारख्या लगेच ओघळत नाहीत, याचं कारण खोलीतल्या वस्तू ती वाफ पिऊन घेतात. पडदे, गाद्या, प्लायवूड, भिंतीचा गिलावा, पुस्तकं. दाराच्या फटीतून थोडी पलीकडे जाते. म्हणून आपल्याला वाटतं, काही झालं नाही. मग वह्यांची पानं सादळतात, कपाटाचं दार चौकटीत घासायला लागतं, मागच्या भिंतीवर पोपडे धरतात आणि कपाट उघडलं की कुबट वास येतो. तेव्हा आपण पावसाला दोष देतो, रंगकाम करणाऱ्याला दोष देतो. दोन खोल्या सोडून चालणाऱ्या ड्रायरचं नाव कुणाच्या डोक्यात येत नाही.

यावर काही जण म्हणतात, मग ड्रायर नकोच, खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालू. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही मला हे पटत नाही. दोरीवरच्या कपड्यांतलं तिन्ही लिटर पाणी खोलीच्याच हवेत जातं, थेंबभरही कुठल्या टाकीत साचत नाही. ते सावकाश जातं एवढाच फरक, आणि खिडकी उघडी असेल तर त्या सावकाशीचा फायदा मिळतो. खिडकी बंद असेल तर नाही. १८९२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन यांना कपडे वाळवण्याच्या साधनाचं पेटंट मिळालं. शेगडीच्या वर टांगायची ती एक चौकट होती. शेगडीच्या उष्णतेने कपडे लवकर वाळत आणि त्यांतली सगळी वाफ त्याच खोलीत पसरे. कपड्यांतलं पाणी काढणं हे काम तेव्हाच सुटलं होतं. काढलेलं पाणी कुठे न्यायचं हे त्यानंतरच्या यंत्रांना सोडवायचं होतं, आणि अजूनही ते पूर्ण सुटलेलं नाही.

वाफ होताना पाणी बरीच उष्णता पोटात घेतं. जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोमध्ये या अप्रकट उष्म्याचा अभ्यास केला. शाळेत आपण तो व्याख्येपुरता शिकतो आणि विसरतो, पण ड्रायरचं सगळं अर्थशास्त्र त्यावर उभं आहे. कोमट कपड्यांतलं एक लिटर पाणी वाफेत बदलायला जवळपास २,४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे ०.६७ युनिट वीज. एवढी तर लागणारच. तेच एक लिटर वॉशिंग मशीनने पिळून बाहेर टाकलं तर त्या मानाने नगण्य वीज लागते, आणि ते पाणी थेट मोरीत जातं, हवेत येतच नाही. मिनिटाला चौदाशे फेऱ्यांनी पिळलेल्या कपड्यांत साठऐवजी पन्नास टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं. वरच्या उदाहरणात हे अर्धा लिटर कमी झालं. हाताला हा फरक फारसा कळत नाही, काट्यावर लगेच कळतो. म्हणून घरातल्या ओलीवर पहिला उपाय कुठला असं मला कुणी विचारलं तर मी ड्रायरबद्दल बोलतच नाही. कपड्यांना झेपेल तेवढ्या जास्त वेगाने पिळा, एवढंच सांगते.

यंत्रांचे प्रकार थोडक्यात सांगते. व्हेंटेड ड्रायर खोलीतली हवा ओढतो, तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि नळीवाटे घराबाहेर टाकतो. कंडेन्सर ड्रायर ती दमट हवा आतच थंड करून पाणी टाकीत गोळा करतो. थंड करायला खोलीची हवा वापरत असल्याने वाफेने पोटात घेतलेली उष्णता खोलीत येते आणि खोली तापते. हीट पंप ड्रायर तीच उष्णता उचलून पुन्हा कपड्यांकडे वळवतो. त्यामुळे तो कमी तापमानात चालतो, साध्या कंडेन्सरच्या निम्म्याहून कमी विजेत भागतो, आणि वेळ मात्र जास्त घेतो. धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात करणाऱ्या मशीनमध्ये कित्येकदा वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. खोलीत ओल येत नाही, पण पाणी खर्ची पडतं.

आता त्या हरवलेल्या पाण्याकडे परत. युरोपात कंडेन्सर ड्रायरना पाणी पकडण्याच्या क्षमतेनुसार वर्ग द्यायची पद्धत आहे. २०२५ च्या मध्यापर्यंतच्या निकषांनुसार निघालेल्या पाण्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त पकडलं तर ए, ८० ते ९० टक्के पकडलं तर बी वर्ग मिळे. त्यातल्या उत्तम वर्गाच्या उंबरठ्यावरचं यंत्रसुद्धा तीन लिटरमधलं ३०० ग्रॅम सोडू शकतं, तेही नवं आणि स्वच्छ असताना. जी खोली फार तर ३८० ग्रॅम झेलू शकते, तिच्यात. यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण 'याला बाहेर नळी काढायची गरज नाही' या एका वाक्यावर विसंबून ते खिडकी नसलेल्या कोपऱ्यात बसवू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय यंत्र दरवेळी सारखंच सोडत नाही. दाराच्या रबराला तंतूंचा थर चिकटला की दार नीट बसत नाही. लिंट फिल्टर, म्हणजे तंतू अडवणारी जाळी, तुंबला की हवेचा वेग मंदावतो. कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये करडा लगदा साचला की वाफ नीट थंड होत नाही आणि फटीतून बाहेर पडते. वजन करण्याच्या सवयीचा खरा उपयोग इथे झाला. कपडे तेवढेच, पिळणं तेच, तरी टाकीत पाणी कमी यायला लागलं की मी कंडेन्सर उघडते, आणि बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. वास यायच्या, डाग दिसायच्या कितीतरी आधी काटा सांगतो. फिल्टर प्रत्येक वेळी साफ करायचा आणि रबर ओल्या फडक्याने पुसायचं हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते आगीच्या धोक्यासाठी तर महत्त्वाचं आहेच, कारण साठलेले कोरडे तंतू पटकन पेट घेतात. पण ओलीसाठीही तितकंच महत्त्वाचं आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमच्याकडे ड्रायरच्या खोलीला लागून आईची खोली आहे. तिला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे हा विषय मला केवळ पोपड्यांपुरता राहिलेला नाही. एकदा ड्रायर संपल्यावर ती म्हणाली, "आज हवा जड झालीय गं." मी ड्रायरजवळचा आर्द्रतामापक बघितला. ५५ टक्के. तज्ज्ञ सांगतात त्या मर्यादेत होता. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० च्या दरम्यान ठेवायला सांगते. मग आईला जड का वाटावं?

आईचं बरोबर होतं, आणि यंत्राचंही. ड्रायरमुळे ती खोली ३० अंशांपर्यंत तापली होती. तापलेली हवा जास्त वाफ धरू शकते, म्हणून वाफ वाढूनही टक्केवारी फारशी वाढलेली दिसत नाही. ३० अंशांच्या, ५५ टक्क्यांच्या हवेत दर घनमीटरला १६-१७ ग्रॅम वाफ असते. हीच हवा दाराखालून शेजारच्या २२ अंशांच्या खोलीत गेली, तिथे थंड झाली, की तिची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते. आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला थंड झाल्यावर वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, साधारण २० अंश असल्याने बाहेरच्या बाजूची एखादी भिंत किंवा खिडकीची काच १९ अंशांवर असेल तर तिथे चक्क पाणी धरतं. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशीला तेवढं पुरतं. भिंत ओली दिसावीच लागते असं नाही. अर्थात आईच्या खोलीत तिथली आधीची हवा असते, दोन्ही मिसळतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा मधला कुठलातरी येतो. पण दिशा हीच.

तेव्हापासून आर्द्रतामापक ड्रायरशेजारी ठेवणं मी बंद केलं. तो घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात असायला हवा, कपाटाच्या मागे किंवा पलंगाच्या डोक्याशी, बाहेरच्या भिंतीलगत. जिथे वाफ निर्माण होते तिथे ती त्रास देत नाही. जिथे जाऊन ती थंड होते तिथे देते.

आणि मापक नसला तरी माणसाचं शरीर अगदीच अडाणी नाही. १७८३ मध्ये ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी आर्द्रता मोजायला माणसाचा केस वापरला. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि तेवढ्यावर काटा फिरतो. असे मापक पुढे कित्येक वर्षं वापरात होते. 'हवा जड झालीय' या वाक्याला मी तेव्हापासून मापनाइतकाच मान देते.

आता खिडकीचा प्रश्न. ड्रायर चालू असताना खिडकी उघडायची की बंद ठेवायची, यावर घराघरांत वाद असतात, आणि दोन्ही बाजू आपापल्या ऋतूत बरोबर असतात. बाहेर १० अंश तापमान आहे, रिमझिम चालू आहे, आर्द्रता ९० टक्के आहे. असं ऐकून कुणीही खिडकी लावून घेईल. पण त्या थंड हवेत दर घनमीटरला फक्त साडेआठ ग्रॅम वाफ आहे. ती आत येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे थंडीतल्या पावसातही खिडकी उघडली तर घर कोरडं होतं. उलट बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के असतील, तर त्या हवेत २३ ग्रॅम वाफ आहे, बरोबर तेवढी जेवढी २५ अंशांच्या खोलीत कमाल मावते. अशा दिवशी ओल बाहेर जावी म्हणून खिडकी उघडणं म्हणजे बाहेरची ओल आत घेणं.

म्हणून बाहेरचे टक्के आणि आतले टक्के यांची तुलना करू नये. तुलना दवबिंदूची करावी. हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपवर बाहेरचा दवबिंदू दिलेला असतो. आतला अंदाजाने काढता येतो: आर्द्रता शंभरापेक्षा जितकी कमी, त्याला पाचाने भागा आणि आलेला आकडा तापमानातून वजा करा. २५ अंश आणि ६० टक्के असतील तर ४० भागिले ५ म्हणजे ८, आणि २५ वजा ८ म्हणजे १७. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हा अंदाज एखाद्या अंशाच्या फरकाने बरोबर येतो. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तर खिडकी उघडा, जास्त असेल तर लावा. मला हे गणित फार आवडतं. एका वजाबाकीत घरातला जुना वाद मिटतो.

बाहेर आणि आत दोन्हीकडे दमट असेल तेव्हा खिडकीचा उपयोग नाही. तेव्हा डिह्युमिडिफायर (हवेतली वाफ काढून घेणारं यंत्र), किंवा एअर कंडिशनर असेल तर तो. डिह्युमिडिफायर घेताना दिवसाला अमुक लिटर असा जो आकडा खोक्यावर असतो, तो बहुधा ३० अंश आणि ८० टक्के अशा सोयीच्या हवेतला असतो. आपल्या खोलीत तो तेवढं काढणार नाही हे धरून चालावं. खोली थंड असेल तर कॉम्प्रेसरवाल्या यंत्राचा जोर आणखी कमी होतो. आणि पकडलेल्या वाफेची उष्णता तो खोलीतच सोडतो, त्यामुळे खोली थोडी तापते. ड्रायरच्या खोलीचं दार लावून तो आत चालवला की त्याचा खरा उपयोग होतो. दार उघडं ठेवलं तर त्याला अख्ख्या घराशी झुंजावं लागतं.

व्हेंटेड ड्रायर असलेल्यांना वाटतं, आपली हवा बाहेर जाते, आपला प्रश्न मिटला. यातली एक गोष्ट मला समजली तेव्हा मी खरोखर चकित झाले. हा ड्रायर तासाला दोनशे घनमीटर किंवा त्याहून जास्त हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठूनतरी आत यावी लागते, आणि ती येते खिडक्यांच्या फटींतून, दारांखालून. एअर कंडिशनरने कोरड्या केलेल्या घरात १२ ग्रॅम वाफ असेल आणि बाहेरच्या दमट हवेत २३, तर सुरुवातीच्या तासात दोन लिटरहून अधिक पाणी या वाटेने आत शिरू शकतं. कपड्यांतलं पाणी बाहेर काढताना जवळपास तेवढंच बाहेरून आत आलं. यावर उपाय साधा आहे: ड्रायरच्या खोलीतलीच खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि बाकी घराकडचं दार लावायचं, म्हणजे यंत्र तिथल्या तिथे बाहेरची हवा घेतं आणि बाहेर टाकतं.

याच ओढीमुळे एक गंभीर धोकाही संभवतो. घरात ज्वाळेवर चालणारा गीझर किंवा हीटर असेल आणि खोलीत बाहेरची हवा यायला वाट नसेल, तर ड्रायर त्याच्या धुराड्यातून जाणारा धूर उलटा आत ओढू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना रंग ना वास. आणि गॅसवर चालणाऱ्या ड्रायरची नळी तर कधीही, कुठल्याही कारणाने घरात सोडू नये. थंडीत उष्णता वाया जाऊ नये म्हणून काही जण विजेच्या व्हेंटेड ड्रायरची नळी पाण्याच्या डब्यात सोडतात. त्या डब्यात तंतू अडकतात, वाफ फारशी अडकत नाही. पाणी कोमट झालं की ते वाफ पकडायचं जवळपास सोडूनच देतं. तीन लिटरमधलं बहुतेक पाणी खोलीत येतं. हा उपाय कुणी सुचवला तर नम्रपणे नाही म्हणावं.

शेवटी कपडे किती वाळवायचे ते. पूर्ण कोरडे म्हणजे शून्य पाणी असं आपण धरतो, पण सुताच्या बाबतीत ते खरं नाही. २० अंश आणि ६५ टक्क्यांच्या हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या सात ते साडेआठ टक्के पाणी आपणहून धरून ठेवतं. लोकर त्याच्या जवळजवळ दुप्पट धरते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणजे आपण कोरडे म्हणून कपाटात ठेवतो त्या पाच किलो सुती कपड्यांत तीन-चारशे ग्रॅम पाणी असतंच. ड्रायर वेळ लावून चालवला आणि हे पाणीही काढून टाकलं, तर ते काढायला सगळ्यात जास्त वेळ आणि वीज जाते, त्यातलं काही खोलीत सुटतं, आणि कडक झालेले कपडे कपाटात गेल्यावर हवेतून तेवढं पाणी पुन्हा ओढून घेतात. ड्रमच्या कडेला धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा त्यांना टेकला की त्यातून वीज सहज वाहते, वाळत गेला की वाहत नाही, आणि त्यावरून यंत्र ओळखतं की आता थांबावं. वेळ लावण्यापेक्षा या संवेदकावर सोडलेलं बरं. त्या पट्ट्यांवर साबणाचा आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा पातळ थर बसतो, तो अधूनमधून ओल्या फडक्याने पुसावा लागतो, नाहीतर त्यांचा अंदाज चुकतो.

वाळलेले कपडे गरम असतानाच बाहेर काढून घडी घालते, ड्रमचं दार उघडं ठेवते, टाकी लगेच रिकामी करते. नळी थेट मोरीत सोडता येत असेल तर टाकीचीही गरज नाही, फक्त मग मोजायला पाणी मिळत नाही. आईच्या खोलीकडच्या दाराला खालून रबरी पट्टी लावली आहे, आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीला टेकलेलं तिचं कपाट चार बोटं पुढे सरकवून घेतलं आहे.